रिकामा होत चाललेला मधला कप्पा

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात शिरून लोणंदला मुक्काम करते. त्या दिवसांत पालखीतळाच्या आसपास दुकानं मांडली जातात. टाळ, तुळशीमाळा, बुक्का, पावसापासून वाचवणारे प्लॅस्टिकचे कागद आणि त्यांच्या शेजारी पुस्तकं. हरिपाठ, भजनी मालिका, तुकोबांची गाथा, पारायणाची ज्ञानेश्वरी. खिशात मावणारा हरिपाठ अगदी थोड्या पैशांत मिळतो. ज्याची नजर अधू झाली आहे त्याच्यासाठी ठळक टाइपाची प्रत असते. गोरखपूरच्या गीता प्रेसने मराठी ज्ञानेश्वरी स्वस्तात गावोगाव पोचवली. त्याआधी १९५० साली मुंबई सरकारने गाथा छापली होती आणि तिच्याही पुढे आवृत्त्या निघत राहिल्या.

लोकप्रिय मराठी पुस्तकांची चर्चा होते तेव्हा हे दुकान कुणी हिशोबात धरत नाही. मला मात्र विचाराची सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. वाचक जिथे आहे तिथे हे पुस्तक स्वतः गेलं आहे, आणि त्याच्या खिशाला, डोळ्यांना नि गरजेला बेतून गेलं आहे. कादंबरी, रहस्यकथा, विज्ञानकथा, मुलांची पुस्तकं यांचं लोणंदसारख्या बाजारपेठेच्या गावात आज काय चाललं आहे, हे पाहायला हेच माप लावलं पाहिजे. ते लावलं की चित्र असं दिसतं: फळीची दोन टोकं भरगच्च आहेत. एका टोकाला इतिहास आणि चरित्र, दुसऱ्या टोकाला स्पर्धा परीक्षा आणि यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं. मधला कप्पा, म्हणजे निव्वळ गोष्टीच्या ओढीने उचलायची पुस्तकं, रिकामा होत चालला आहे. वाचक घडतो तो याच कप्प्यावर, म्हणून ही चिंता मोठी आहे.

लोणंदच्या दक्षिणेला पसरलेल्या या मुलखात लिहिणाऱ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. १९५९ हे एकच साल घ्या. त्या वर्षी सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आली आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ आली. एकीकडे पुराणातला राजा आणि त्याची न शमणारी भोगलालसा, दुसरीकडे गावकुसाबाहेरचा बंडखोर आणि त्याच्या माणसांची भूक. ‘ययाति’ला पुढे ज्ञानपीठ मिळालं, ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तकं तुफान वाचली गेली आणि आजही छापली जातात. पण त्यांच्याकडे पाहण्याची नजर सारखी नव्हती. खांडेकरांच्या लोकप्रियतेला समीक्षेने गंभीरपणे घेतलं, तिच्याशी वाद घातला. अण्णा भाऊंची लोकप्रियता मात्र बराच काळ तमाशा, लावणी, चित्रपट यांच्या खात्यावर टाकली गेली. शाळा जवळपास न पाहिलेल्या या लेखकाने तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. त्या लिहिताना त्याच्यासमोर कोणता वाचक होता, हे त्यांच्या वेगावरूनच कळतं. प्रकरणं आखूड असतात, संकट पहिल्याच पानावर उभं राहतं आणि नायक बोलत बसत नाही, कामाला लागतो. नुकतं वाचायला शिकलेल्या प्रौढ माणसाला हातातलं पुस्तक सोडवत नाही, अशी ही रचना आहे. तिला ढोबळ म्हणणं सोपं आहे. पण ढोबळ लिहूनही वारणेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचणं फार थोड्यांना जमलं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तर मला या मुलखाचं सर्वांत यशस्वी पुस्तक वाटतं, खपाच्या अर्थानं नव्हे, पल्ल्याच्या अर्थानं. ती लहानशी आहे, एका बैठकीत संपते. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, एवढंच तिचं बीज. तरी चौदा वर्षांचं पोर ती वाचतं, मेंढपाळाचा शिकलेला मुलगा वाचतो, विद्यापीठातला प्राध्यापकही वाचतो आणि तिघांनाही ती आपल्यासाठी लिहिली आहे असं वाटतं. तिच्यात वर्णनाचा सोस नाही. माणूस येतो, दोन वाक्यं बोलतो आणि लक्षात राहतो. दुष्काळ येतो तोही आरडाओरडा न करता, एकेक घर रिकामं करत. लोकप्रिय आणि श्रेष्ठ अशा दोन वेगळ्या रांगा लावण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती या एका पुस्तकापुढे टिकत नाही.

आता इतिहासाच्या टोकाकडे येतो. १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली, १९६८ साली ‘श्रीमान योगी’. मधे १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, पौराणिक असली तरी त्याच तालेवार भाषेतली. मग १९७९ साली ‘छावा’, १९८८ साली विश्वास पाटलांची ‘पानिपत’, २००५ साली ‘संभाजी’. गेली साठ वर्षं मराठी घरात एखादंच पुस्तक विकत घेतलं जात असेल तर ते या यादीतलं असण्याची शक्यता दांडगी. मराठ्यांच्या राजधानीचं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे तर हे अगदी साहजिक. ९९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी सातारा ठरलं आणि अध्यक्षपदी विश्वास पाटलांची निवड झाली, तेव्हा मला त्यात औचित्य दिसलं. मोठ्या वाचकवर्गाच्या लेखकाला तो मान मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे.

ऐतिहासिक कादंबरीवर टीका करणारे बहुधा एक गोष्ट विसरतात. तिने संशोधन घरोघर नेलं. संभाजी महाराजांचंच पाहा. वा. सी. बेंद्र्यांनी कागदपत्रं चाळून १९६० साली त्यांचं चरित्र सिद्ध केलं आणि बखरी-नाटकांनी रंगवलेली बदफैली प्रतिमा मोडून काढली. १९७१ साली कमल गोखल्यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ आला. ही पुस्तकं अभ्यासकांनी वाचली. ती समज सामान्य माणसापर्यंत नेली ती ‘छावा’ने आणि पुढे ‘संभाजी’ने. २०२५ साली ‘छावा’वर हिंदी चित्रपट आला आणि जे कधी पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत अशांनीही कादंबरी मागितली. ग्रंथालयाच्या टेबलावरून चित्रपटगृहापर्यंत जायला त्या समजेला पासष्ट वर्षं लागली, आणि त्या प्रवासात मधला, सर्वांत लांब टप्पा लोकप्रिय कादंबरीने पार केला.

समीक्षकाने लोकप्रिय पुस्तकाजवळ कसं जावं, याचा नमुनाही याच परंपरेत आहे. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांनी पत्राच्या रूपात दीर्घ प्रस्तावना लिहिली. त्यांनी लेखकाशी इतिहासाच्या एकेका मुद्द्यावर चर्चा केली, मतभेद लपवले नाहीत आणि तरी पुस्तकाची किंमत कमी केली नाही. कादंबरी वाचायला आलेला माणूस ती प्रस्तावना वाचून इतिहास म्हणजे काय याचा विचार करू लागे. आज जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या धडाधड येतात. त्यांना अशी प्रस्तावना लाभत नाही, आणि परीक्षण म्हणून जे छापलं जातं ते बहुतेक वेळा पाठीवरच्या मजकुराचा विस्तार असतो.

पुढच्या पिढीच्या अनुकरणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘स्वामी’चं बळ माधवराव-रमाबाईंच्या नात्यातल्या हळवेपणात होतं. ‘पानिपत’चं बळ वेगळंच आहे. लढाई तलवारीवर होण्याआधी ती दाणागोटा, वैरण, कर्ज आणि थंडीवर कशी हरली-जिंकली जाते, हे त्या कादंबरीने दाखवलं. पुष्कळ नव्या कादंबऱ्यांत यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो नुसता मुजरा, गर्जना आणि डोळ्यांत पाणी. नायक चुकत नाही, घाबरत नाही, त्याला पैशाची चणचण भासत नाही. अशा पुस्तकाला वाचकाचा अभिमान विकत घेता येतो, त्याची कल्पनाशक्ती जागवता येत नाही.

दुसरं टोक परीक्षेचं. सातारा-सांगलीच्या कोणत्याही मोठ्या गावात अभ्यासिकेची पाटी दिसते. वाचनालयातली कादंबऱ्यांची कपाटं भिंतीला सरकली आणि मधे टेबलं लागली. के’सागरची पुस्तकं, तात्यांचा ठोकळा, चालू घडामोडींची मासिकं ही त्या टेबलांवरची दौलत. कांद्याचा भाव कोसळला की वर्षाची गणितं बिघडतात, अशा घरातली मुलं सरकारी नोकरीच्या आशेवर तिथे दिवसचे दिवस बसतात. त्यांच्या वाचनाला कमी लेखण्याचं माझ्या मनातही येत नाही. याच वाचकवर्गाने विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’ डोक्यावर घेतलं. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचा मुलगा वर्दीपर्यंत कसा पोचला, याची ही गोष्ट २०१६ साली आली. ती खपली, कारण तिच्यात गाव खरं आहे. वस्तीवरची गरिबी, शहरातली लाज, अपयशाचे दिवस ओळखीचे आहेत. हे आत्मचरित्र वाचून पोरं अभ्यासाला लागली, ही मोठीच गोष्ट. अडचण पुढे आहे. ते संपवल्यावर त्याच चवीचं पुढचं पुस्तक कोणतं, असं त्या मुलाने विचारलं तर त्याला इंग्रजीतून आलेलं सवयी सुधारण्याचं किंवा श्रीमंत होण्याचं पुस्तक हाती दिलं जातं. त्यातली उदाहरणं अमेरिकेतल्या कंपन्यांची, अनुवाद घाईचा. कोकरूडहून निघालेला वाचक असा अनोळखी ठिकाणी उतरतो आणि बहुधा पुढे जात नाही.

मधल्या कप्प्यावर एके काळी काय होतं, ते आठवून पाहण्यासारखं आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावं ज्यांना घरच्या माणसांसारखी पाठ होती, अशी एक अख्खी पिढी होऊन गेली. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर मजल मारली. कोल्हापूरचे बाबा कदम होते. त्यांच्या कादंबऱ्यांतले वाडे, कोर्टकचेऱ्या आणि घोडे या भागाच्या वाचकाला आपले वाटत. नारायण धारपांच्या भयकथा, सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा आणि त्यांची ‘दुनियादारी’, व. पु. काळ्यांचा ‘पार्टनर’, चंद्रकांत काकोडकरांच्या प्रेमकथा. ही पुस्तकं एसटी स्टँडवर, रेल्वेच्या स्टॉलवर मिळत आणि दर दिवसाच्या भाड्यानं घरी येत. भाड्याचं पुस्तक परत द्यायचं असल्यामुळे ते झपाट्यानं वाचलं जाई, आणि एकाच प्रतीला गल्लीभर वाचक मिळत.

या साहित्याला समाजाने कसं वागवलं, याची एक नोंद न्यायालयाच्या दप्तरात आहे. काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात छापून आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली न्यायालयाने कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. कायद्याने सोडलं, पण प्रतिष्ठित वाचनाने सोडलं नाही. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा वाचणं म्हणजे वेळ दवडणं, असं घरात, शाळेत आणि समीक्षेतही सांगितलं गेलं. पुढे दूरदर्शन, मग मालिकांच्या वाहिन्या, मग मोबाइल आला. गोष्टीची भूक तिकडे गेली हे खरं. पण मालिका तर इंग्लंड-जपानातही आल्या, तिथे रहस्यकथा संपली नाही. आपल्याकडे ती कमजोर पडली, कारण तिच्या बाजूने उभं राहणारं कुणी नव्हतं. चांगल्या रहस्यकथेची वाईट रहस्यकथेशी तुलना करून बोट ठेवणारा समीक्षक नव्हता, चांगल्या कागदावर ती पुन्हा छापणारा प्रकाशक बराच काळ नव्हता.

आणि खरेदीची पद्धतही आड आली. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था बसवली. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदान ठरलं, शासनमान्य ग्रंथांच्या याद्या निघू लागल्या. गावात वाचनालय उभं राहिलं ते या कायद्यामुळे, हे विसरून चालणार नाही. पण अनुदानाची रक्कम तुटपुंजी. वर्षअखेरीला ती खर्ची टाकायची म्हणून भरघोस सवलतीचा गठ्ठा उचलायचा, ही खोड अनेक ठिकाणी लागली. त्या गठ्ठ्यात वाचकाने मागितलेलं पुस्तक असेलच असं नाही. सभासदाने दोनदा मागून मिळालं नाही की तो तिसऱ्यांदा मागत नाही. विकत घ्यावं म्हटलं तर एका जाडजूड कादंबरीला एक-दोन दिवसांची हजेरी मोडते.

कादंबरीचा मोठा वाचकवर्ग बायकांचा आहे, आणि त्यांच्यासाठी मधला कप्पा रिकामा होणं अधिक जाचक. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव लोणंदच्याच खंडाळा तालुक्यात. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा. लोणंदहून तासाभरात फलटण येतं, आणि फलटणजवळच्या विंचुर्णीत गौरी देशपांडे राहत होत्या. तिथल्या जगण्यावरचं त्यांचं ‘विंचुर्णीचे धडे’ हे माळरान, जनावरं, पाऊस आणि शेजारपाजार यांनी भरलेलं पुस्तक आहे. त्यांच्या कथांमधल्या बाईचा मोकळेपणा गावातल्या वाचक बाईला परका वाटेल, असं आपणच गृहीत धरतो आणि ते पुस्तक तिच्यासमोर ठेवतच नाही. मला ते गृहीतक चुकीचं वाटतं. ज्या माळावर ती रोज राबते त्याच माळाविषयी इतक्या रोखठोक बाईने लिहिलं आहे, हे कळलं तर ती ते नक्की उघडून पाहील.

मुलांच्या बाबतीत या भागाने देशाला दाखवावं असं काम केलं आहे. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या झाल्या. त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभारली आणि मुलं अर्थ समजून वाचायला कशी शिकतात, यासाठी आयुष्य वेचलं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून शाळांत जातं आहे. पायाचे हे दगड पक्के आहेत. पण त्यावर पुढची पायरी हवी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणजे लोणंद ज्या पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे त्याच मार्गावरचा. सायकलवरून संकटात घुसणारा हा पोरगा वाचून झाल्यावर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला काय द्यायचं? जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा मराठीत रुजवली. १९७९ सालच्या त्यांच्या ‘यक्षांची देणगी’ने शास्त्र आणि गोष्ट यांची गाठ घातली. २०२५ साली ते गेले. त्यांच्या वाटेवर निरंजन घाट्यांसारखे लेखक चालले, तरी कुमारवयाच्या वाचकासाठी दरवर्षी नव्या, थरारक, स्वस्त पुस्तकांचा जो ओघ हवा तो नाही. त्यामुळे सातवीतला वाचक थेट परीक्षेच्या ठोकळ्यावर जातो.

याच जिल्ह्यात ४ मे २०१७ रोजी पाचगणी-महाबळेश्वर दरम्यानचं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरीच्या या गावात सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, घरांत, देवळात, शाळेत, निवासांत पुस्तकं ठेवली गेली आणि एकेका ठिकाणाला एकेक साहित्यप्रकार नेमून दिला. संतसाहित्य एकीकडे, बालसाहित्य दुसरीकडे, चरित्रं, कविता, इतिहास, विज्ञान यांची आपापली घरं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथे गावकऱ्यांनी आपल्या ओसऱ्या उघडल्या. हा मोठेपणा आपला आहे. माणूस एखाद्या घरात शिरतो आणि एका साहित्यप्रकाराच्या सहवासात बसतो, ही मांडणी मला फार आवडते. पुढे सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या अंकलखोपलाही पुस्तकांचं गाव करायचं ठरलं. शेजारच्या औदुंबरला तर १९३९ पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, तेव्हा तिथली माती तयारच आहे. माझं म्हणणं इतकंच की पर्यटक दोन तास बसून जातो, वाचकाला पुस्तक घरी न्यावं लागतं. भिलारची मांडणी आणि जुन्या भाड्याच्या वाचनालयाची रीत एकत्र आली पाहिजे, आणि रहस्यकथा-भयकथांनाही मानाची ओसरी मिळाली पाहिजे.

आशेला जागा आहे. धारप पुन्हा छापले जात आहेत आणि २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटाची प्रेरणा त्यांच्या कथेत आहे, हे कळल्यावर तरुणांनी त्यांना शोधलं. ‘दुनियादारी’ला २०१३ च्या चित्रपटाने नवे वाचक दिले. २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवांनी मराठी पुस्तकं कानापर्यंत आणली. रात्रीच्या लायटीवर पाणी धरणाऱ्या माणसाला आणि ट्रकवरच्या ड्रायव्हरला पुस्तक ऐकणंच सोयीचं आहे. हृषीकेश गुप्त्यांनी ‘अंधारवारी’ आणि ‘दंशकाल’मधून भयकथेला पुन्हा भारदस्तपणा दिला, आणि दाखवून दिलं की या साहित्यप्रकारात भाषेची कसोटी लागते.

आता उणीव आहे ती इथल्या मातीतल्या गुंत्याची. लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालतो, तिथे आडत्या, शेतकरी, हमाल आणि व्यापारी एका ढिगाभोवती उभे असतात आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याला न सांगितलेली एक गोष्ट असते. शिरवळ-खंडाळ्याकडे औद्योगिक वसाहतींनी जमिनींचे भाव पालटले. सातबाऱ्यावरचं एक नाव कमी-जास्त होण्यात भावाभावांची घरं फुटली. साखर कारखान्याच्या निवडणुका आहेत, पतसंस्था आहेत, पुण्याहून लोणंदमार्गे फलटणला जाणारी, २०२१ साली सुरू झालेली रेल्वे आहे. रहस्यकथेला याहून दाट जंगल कुठे मिळणार? या मुलखात घडणारी, इथल्या बोलीत बोलणारी, एका फौजदाराची किंवा तलाठ्याची, किंवा एखाद्या अंगणवाडी सेविकेची पुस्तकमाला माझ्या वाचनात आलेली नाही. ती दीडशे पानांची असावी, हजेरी न मोडता घेता यावी, आणि पालखीतळावरच्या दुकानात हरिपाठाशेजारी लाज न वाटता मांडता यावी.